जित्या लेकीवरचा हेल

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर हातात पेन फारसा आलाच नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, कुठं काना राहून जाईल, ओळ खाली उतरत जाईल. कुणी वाचलंच तर माफ करावं. माणसांसमोर माझं तोंड उघडत नाही, लहानपणापासून असंच आहे. लिहिताना समोर कुणी नसतं, म्हणून जमतंय.

मी मातीत पडले होते. केस सुटलेले, पदर कुठं तरी, तोंडात माती. दोन्ही पाय कापसाच्या पऱ्हाटीच्या खुटांनी फाटलेले. माझी पोरगी मेली म्हणून मी छाती बडवत होते. आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

आधी एकानं. मग सगळ्यांनी.

"कट! कट! क्या बात है! मावशी, एक नंबर!"

मी वर बघितलं. मालकांचा पोरगा अभय माझ्यापाशी गुडघ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं. म्हणाला, "सॉरी मावशी. सुमीला काही झालेलं नाही. नाक्यावर बिस्किटं खात बसलीये ती. आम्हाला खरं रडणं पाहिजे होतं."

मी म्हटलं, "मंग ट्रक?"

"ट्रकबिक काही नाही."

मला ते समजलंच नाही. मी परत विचारलं, "माझी सुमी हाये?"

"आहे, आहे. आत्ता आणतो जीपमध्ये."

मागं उभा असलेला कॅमेरावाला म्हणाला, "अभय, अजून चालू आहे, हे पण घेऊ का?" आणि माझी पोरगी जिती आहे हे मला कळलं, ते तोंडसुद्धा त्यानं घेतलं.

आता हे कसं झालं ते सांगते.

आम्ही मेंढरं राखणारी माणसं. कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, वाशिमच्या रस्त्याला लागून मालकांचं पन्नास-साठ एकर रान आहे. कापूस निघाला की आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. मेंढरं रात्री ज्याच्या रानात बसतात त्याच्या जमिनीला खत होतं. त्याबदल्यात तो जोंधळे देतो, थोडे पैसे देतो. माझ्या सासऱ्यांपासून हे चालत आलं होतं. मालकांच्या भरवशावर आमचा हिवाळा आणि उन्हाळा निघायचा. म्हणून मालकांच्या घरचं लहान पोरगंही आम्हाला मालकच.

अभय पुण्याला शिकायला होता. त्या वर्षी शिक्षण सोडून परत आला. दाढी वाढवलेली, पायांत फाटकी चप्पल, बापाशी बोलणं बंद. जेवायला घरी जायचा तेवढंच, एरवी आमच्या वाड्यापाशी, म्हणजे मेंढरांच्या जाळीपाशी, येऊन बसायचा. आमच्या हातचा काळा चहा प्यायचा. मला तो अहो-जाहो करायचा. मालकांच्या घरातलं कुणी मला तोपर्यंत तुम्ही म्हणालं नव्हतं. मला लाज वाटायची, आणि बरंही वाटायचं. खोटं कशाला लिहू.

तो सारखा टीव्हीवर चिडलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी नाक्याच्या पुढं एक टेंपो उलटला होता. माणसं गेली होती. तेव्हा टीव्हीवाल्यांची गाडी आली. एका बाईचं लेकरू गेलं होतं. तिला त्यांनी तीनदा रडायला लावलं. पहिल्यांदा उजेड बराबर नव्हता म्हणून, दुसऱ्यांदा मागून एसटी गेली म्हणून. सुट्टीला आलेल्या अभयनं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"गिधाडं आहेत मावशी ही. माणूस मेला की यांची दिवाळी. सगळं विकायला काढलंय. आणि आम्हाला सांगतात शिका, नोकरी करा. कुणाची नोकरी? यांची?"

मी नुसती मान हलवायची. पण त्याचं म्हणणं मला पटायचं.

मग एके दिवशी त्याचे दोस्त आले. एक कॅमेरावाला, एक चष्मेवाला, आणि नेहा नावाची मुलगी. सगळे वीस-बावीस वर्षांचे. जीप मालकांची. सिनेमा काढायचा होता त्यांना. कुणा कंपनीचा नाही, आपल्या आपण. पैसे दोस्तांकडून जमवलेले, कॅमेरा भाड्याचा. गोष्ट अशी होती की, एका गावात ट्रकखाली एक पोरगी मरते. 'खळबळ' नावाचं चॅनल तिथं येतं. नेहा चॅनलवाली झाली होती. तिच्या हातात माइक, माइकला पुठ्ठ्याचा चौकोन, त्याच्यावर लाल रंगानं 'खळबळ' लिहिलेलं. ती पोरीच्या मायला पुन्हा पुन्हा रडायला लावते आणि मधूनमधून साबणाची जाहिरात येते. बघणाऱ्यानं हसता हसता शरमावं, असा सिनेमा, असं अभय म्हणाला.

"त्यांची फजिती करायची आहे मावशी. त्यांनाच आरसा दाखवायचा. आणि त्या मायचं काम तुम्ही करायचं."

मी पदर तोंडात घालून हसायलाच लागले. माझी नणंद तिथं होती. ती म्हणाली, "हिला? ही तं किराणाच्या दुकानात मीठ मागताना बी लाजते. दुकानदार म्हणतो, मोठ्यानं बोल बाई, मी काय तुझा थोरला दीर हाय काय!"

सगळे हसले. अभय म्हणाला, "म्हणूनच पाहिजेत."

तीन हजार देणार होता. दोन हजार आधी. सुमीच्या वडलांनी माझ्याकडं बघितलं. त्या साली मेंढरांना रोग आला होता, सतरा मेंढरं गेली होती, औषधवाल्याचे पैसे थकले होते. मी हो म्हटलं. एक कागद आणला त्यांनी, सगळा इंग्रजीत. चष्मेवाल्यानं शाईची डबी काढली. मी म्हटलं, अंगठा कशाला, मला सही येते. आणि सही केली. फुशारकीनं केली. त्या कागदावर काय आहे ते विचारलं नाही. विचारायची लाज वाटली.

पहिला दिवस हसण्यातच गेला. मेंढरं मधेच यायची. आमच्या एडक्यानं माइकवरचा काळा स्पंज खाऊन टाकला. नेहा त्याच्यामागं रानभर पळाली. सुमीचे वडील म्हणाले, "आता चार दिस त्याच्या लेंडीतून बातम्या येतील." अभय जमिनीवर लोळून हसला. तो दिवस चांगला होता. हेही लिहिलं पाहिजे.

पण मला रडता येईना. ते म्हणत, हेल काढून रडा. आमच्यात मयत झालं की बाया हेल काढतात. मेलेल्याचं नाव घेऊन, त्याचे गुण सांगून, आपल्या हातून जे चुकलं ते सांगून रडतात. हेल काढताना खोटं बोलायचं नसतं. जे पोटात आहे ते तेव्हा बाहेर येतं आणि ऐकणारानं ते नंतर कधी काढायचं नसतं. मयताच्या दारातच ते सोडून द्यायचं. असा रिवाज आहे. आणि जित्या माणसावर हेल काढत नाहीत. काढला तर तो त्याच्या आयुष्यावर पडतो.

मी अभयला तसं सांगितलं. "दादा, जित्यावर हेल काढत न्हाईत आमच्यात."

"मग नाव घेऊ नका. कुणीतरी मेलं असं मनात आणा."

"कोन?"

"कुणीही."

मला कुणीही सुचेना. पंधरा वेळा केलं. मी बसायचे, तोंड वाकडं करायचे, आवाज काढायचे आणि मलाच हसू यायचं. संध्याकाळ होत आली. कॅमेऱ्याचं भाडं दिवसावर होतं. ते आपसात इंग्रजीत बोलायला लागले. नेहा मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि बाजूला जाऊन उभी राहिली. काय म्हणाली ते मला कळलं नाही. आता वाटतं, ती नको म्हणाली असेल. पण दुसऱ्या दिवशी माइक तिच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभय सुमीला म्हणाला, "नाक्यावर जाऊन बिस्किटं आणू चल, ड्रायव्हरकाका नेतील." सुमी तेव्हा आठ वर्षांची. जीपमध्ये बसायला मिळतंय म्हणून उड्या मारत गेली. माझ्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. मी मेंढरांकडं वळले. अर्धा तास झाला असेल. चष्मेवाला रस्त्याच्या बाजूनं पळत आला. चष्मा हातात, तोंड पांढरं.

"मावशी! सुमीला ट्रकनं उडवलं!"

मी पळाले. वाटेनं नाही, सरळ पऱ्हाटीतून. कापसाची झाडं उपटली नव्हती, नुसती कापलेली होती, खुटं सुऱ्यासारखी उभी. चप्पल कधी गेली कळलं नाही. माझ्या बाजूनं कॅमेरावाला पळत होता. माझ्याबरोबर पळतोय असंच मला वाटलं. मदतीला येतोय असं वाटलं. मी त्याला म्हटलं, "भाऊ, तुमी फुडं व्हा, तुमी फुडं व्हा."

बांधापाशी मी पडले. उठता येईना. आणि माझ्या पोटातून हेल निघाला. मी काढला नाही, निघाला.

"माझे सुमे गं... पोटात व्हतीस तवा झाडपाला पेले गं मी तुला माराया... तवा न्हाई मेलीस गं... मायनं मारलं तरी न्हाई मेलीस... आन् ट्रकनं कशी नेली गं माझी बाई..."

हे खरं आहे. सुमीच्या आधी मला एक मुलगी होती, ती तापानं गेली. सुमी पोटात असताना एका वैदूनं सांगितलं, परत पोरगीच आहे. सासूनं काढा आणून दिला. माझा हात धरून कुणी पाजला नाही. मी माझ्या हातानं वाटी तोंडाला लावली. आठ दिवस रक्त गेलं, पण सुमी राहिली. मी आणि सासू, दोघींनाच हे माहीत होतं. सुमीच्या वडलांनाही माहीत नव्हतं. ते मी त्या दिवशी हेलात बोलले, कारण मेलेल्या लेकराची माफी मागायला दुसरी जागा नसते.

तेवढ्यात नेहानं माझ्या तोंडासमोर माइक धरला. तोच, 'खळबळ'चा. म्हणाली, "ताई, तुम्हाला आता कसं वाटतंय?"

आणि मी तिला उत्तर दिलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं आहे. तशा वेळीही मी तिला नीट, मान देऊन उत्तर दिलं. म्हटलं, "बाई, माझी पोरगी मला दाखवा हो. एकदा दाखवा."

मग टाळ्या झाल्या.

जीप आली. सुमी हातात बिस्किटाचा पुडा घेऊन उतरली आणि मला बघून तिथंच थांबली. मी उठले, तिच्यापाशी गेले आणि तिच्या तोंडात मारली. दोनदा. ती जिती होती म्हणून मारली. पुडा खाली पडला. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. मग मी तिला उचलून घेतलं.

सासूनं ऐकलं तेव्हा ती मटकन खाली बसली. "जित्या लेकरावर हेल काढला, रांडे?" मग मीठ-मोहऱ्या उतरवल्या, पोरीच्या अंगावरनं पाणी ओवाळून टाकलं. सव्वा महिना पोरीला नावानं हाक मारायची नाही, असं तिनं ठरवलं. तिचं नाव मेलेल्यात गेलं होतं, परत येईपर्यंत थांबायचं. सव्वा महिना आम्ही सुमीला 'ए पोरी' म्हणत होतो.

त्याच दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला जीपपाशी बोलावलं. कॅमेऱ्याला एक छोटा पडदा होता, आगपेटीपेक्षा थोडा मोठा. अभय म्हणाला, "बघ मावशी, तू कशी दिसतेस. स्टार आहेस तू."

तू. त्या दिवसापासून तू झालं.

मी, सुमीचे वडील, नणंद, ड्रायव्हर, सगळे वाकून बघत होतो. पडद्यावर मी पळत होते. मग पडले. मग आवाज आला. वारा घुसला होता, घरघर होती, एडक्यानं स्पंज खाल्ला होता ना. पण शब्द कळत होते. झाडपाला पेले गं मी.

ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं आणि नजर फिरवली. सुमीच्या वडलांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग जमिनीकडं. मला वाटलं धरती फाटावी. अभयला काही दिसलं नाही. तो कॅमेरावाल्याच्या पाठीवर थाप मारत होता.

मी म्हटलं, "दादा, हे पुसून टाका."

"काय?"

"हे रडणं. पुसून टाका."

"वेडी आहेस का? अख्ख्या सिनेमात हेच एक खरं आहे."

सुमीचे वडील म्हणाले, "चल." आम्ही आलो. त्या रात्री ते माझ्याशी बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी अंथरुणात एकच गोष्ट मनात फिरवत होते. हा सिनेमा कुठंतरी लागेल. हिंगोलीत लागेल, नाहीतर मालकांच्या टीव्हीवर लागेल. सुमी मोठी होईल. कुणीतरी तिला म्हणेल, तुझी माय बघ. आणि माझ्या तोंडून निघालेलं ते तिला टीव्हीच्या पेटीतून ऐकू येईल, मधे साबणाची जाहिरात घालून.

सकाळी जीप परत आली. अभय खुशीत होता.

"मावशी, एक छोटं काम. काल वाऱ्यानं आवाज खराब झालाय. ते झाडपाल्याचं बोललीस ना, तेवढं परत बोल. नुसता आवाज घेतो. हे घे, राहिलेले हजार." त्यानं नोटा पुढं केल्या. नेहा माझे केस विस्कटायला आली, कालच्यासारखे दिसावेत म्हणून. तिचा हात थंड होता. चष्मेवाल्यानं कागदावर माझा हेल लिहून काढला होता. तो वाचून दाखवायला लागला, "पोटात होतीस तेव्हा झाडपाला..." शाळेत धडा वाचतात तसा.

मी म्हटलं, "न्हाई."

"एकदाच बोल."

"न्हाई बोलत."

माझा आवाज एवढा बारीक होता की कॅमेरावाल्यानं विचारलं, "काय म्हणाली?" म्हणून मी परत बोलले. उभी राहून बोलले. "न्हाई बोलत म्हनले. काल बोलले ते बी पुसा."

अभयनं डोक्याला हात लावला. "मावशी, समजून घे. आपण त्या चॅनलवाल्यांच्या विरुद्ध बोलतोय. तुझ्या बाजूनं बोलतोय."

"त्यांनी त्या बाईला तीनदा रडवलं. तुमी मला काहून रडवलं?"

"ते वेगळं आहे."

"काय येगळं हाये? तिचं लेकरू खरंच मेलं व्हतं. माझं तं तुमी मारलं. आन् आता परत मारा म्हनता."

मेंढरं तेवढी ओरडत होती. मग अभय म्हणाला, हळू, समजावल्यासारखा, "हे व्यंग्य आहे मावशी. तुला नाही कळायचं ते."

तुला नाही कळायचं. एवढ्यानं मी जागी झाले. मला सगळं कळत होतं. माझ्याइतकं तिथं कुणालाच कळत नव्हतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला होता, कारण तो त्या लोकांवर चिडत होता. पण चिडण्यात त्याचं काही जात नव्हतं. जिथं बसून तो चिडत होता ते रान त्याचं, जीप त्याची, आणि रडणारी बाईही त्यानं आपलीच धरली होती.

मी म्हटलं, "तुमचे पैसे माघारी देते. माझं रडणं माघारी द्या."

चष्मेवाला हसला. अभयही हसला. "दोन हजार? कुठून देशील?"

"ते मी बघीन."

"बरं. आण दोन हजार. टेप तुझी."

तो गमतीनं म्हणाला हे मला कळत होतं. म्हणून मी पालात गेले, सुमीच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. 'दोन हजार दिले की माझं रडणं परत देणे. कोणाला दाखवणे नाही.' चार ओळी लिहायला मला बराच वेळ लागला. सगळे थांबून बघत होते. अभयनं वाचलं आणि म्हणाला, "वा! कॉन्ट्रॅक्ट!" त्यानं सही केली. मी त्यांच्या कागदावर सही केली होती, त्यानं माझ्या कागदावर केली.

दुपारी मालक स्वतः आले. ते आवाज चढवत नाहीत. बांधावर उभे राहून सुमीच्या वडलांना म्हणाले, "पोरांचा खेळ होता. तुझ्या बायकोला दोन हजार मिळाले, तेवढ्याला चार महिने निंदायला जावं लागतं. एवढं ताणायचं कारण नव्हतं." मग म्हणाले, "उद्यापासून रान मोकळं करा. मला वखराची पाळी घालायची आहे."

पाळी घालायची वेळ नव्हती. आम्ही रान मोकळं केलं.

जाळी उपटताना सुमीच्या वडलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू बराबर बोललीस. पन मेंढरं कुठं नेऊ, ते बी सांग." मी जाळीच्या खुंट्या गोळा करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मला सांगितलं असतंस तं पिऊ दिलं नसतं." एवढंच. परत तो विषय त्यांनी काढला नाही. हेलातलं होतं ना.

मेंढरं घेऊन आम्ही जवळा बाजार या गावाकडं गेलो. ओळखीचं रान नाही, कुणी चार दिवस बसू देई, कुणी दोन. घेतलेल्या दोन हजारांतले बहुतेक औषधवाल्याला गेले होते. मी वसमतकडं हळद शिजवायला गेले. मोठ्या कढया असतात, खाली भट्टी, वर वाफ. बाया ओली हळद टोपल्यांनी ओतायच्या, शिजली की काढून उन्हात पसरायच्या. हात कोपरापर्यंत पिवळे. कढईपाशी एका बाईनं विचारलं, "काय गं, नाक्यापासून इतक्या दूर? नवऱ्यानं टाकली का काय?" मी सांगितलं, उसने फेडायचेत. "काहाचे?" मी म्हटलं, "रडण्याचे." ती म्हणाली, "बाई, हितं तं लोक फुकट रडवतात." आणि मी खूप दिवसांनी हसले.

गाव मात्र सोडत नव्हतं. बाजारात नाक्याकडच्या बाया भेटायच्या. "काय हिरोइन, शूटिंग कुठं चालू हाये?" "आमाला बी रडून दाखव की." ड्रायव्हरनं सांगितलं असणार. एकदा एकीनं झाडपाल्याचं नाव काढलं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनंच टोपली उचलली आणि गेली.

हळदीचे पैसे झाले तेव्हा पाचशे नेऊन मालकीणबाईंच्या हातात दिले. निंदणीनंतर सातशे. त्या म्हणायच्या, "कशाला गं, पोरगा विसरला सुद्धा." मी म्हणायचे, लिहून ठेवा.

दिवाळीच्या आधी लोकर कातरली आणि राहिलेले आठशे जमले. ते घेऊन जायच्या आदल्या दिवशी मी सुमीला जवळ घेतलं. तिची वेणी घालत होते. तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं. मी तिला सगळं सांगितलं. काढा, वाटी, माझा हात. मोठी होईपर्यंत थांबावं असं सासूचं म्हणणं होतं. मी थांबले नाही.

ती म्हणाली, "कडू व्हता का?"

"लई कडू."

"मंग मी काहून न्हाई मेले?"

"मला म्हाईत न्हाई, बाई."

ती उठली, अर्धी वेणी तशीच ठेवून पाण्याला गेली. त्यानंतर कितीतरी रात्री ती माझ्यापाशी झोपली नाही, बापापाशी झोपली. मी बोलावलं नाही. तो तिचा हक्क होता.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या घरी गेले. अभय दिवाळीला आला होता. दाढी नव्हती. पायांत बूट. ओट्यावर मोबाइल घेऊन बसला होता. मला बघून उठला.

"मावशी, तुम्ही?"

परत तुम्ही झालं होतं.

मी विचारलं, "सिनेमा लागला का, दादा?"

"नाही. पुरा झालाच नाही. पैसे संपले. दोस्त गेले आपापल्या वाटेनं."

"मंग आता काय करता?"

त्यानं खाली बघितलं. "मुंबईला आहे. चॅनलमध्ये. बातम्यांच्या."

मला राग आला नाही, हसूही आलं नाही. त्याचं त्यानं बघावं.

तो आत गेला आणि एक छोटी कॅसेट घेऊन आला, काडीपेटीएवढी. "ही घ्या. पैसे राहू द्या मावशी. मला खरंच नकोत. चूक झाली आमची."

"दुसरी कुठं हाये का ही?"

"कॉम्प्युटरवर घेतली होती तेव्हा. कॅमेरावाल्याकडं असेल. नसेलही. मला माहीत नाही."

म्हणजे ते कुठंतरी आहे. आजही असेल. कधीतरी कुणीतरी ते दाखवेल, आमच्या बाजूनं बोलतो म्हणून दाखवेल. दाखवू द्या. माझ्या लेकीला ते माझ्या तोंडून आधी कळलं आहे, कुणाच्या पेटीतून नाही. आणि यापुढं माझ्या दारात कुणी यंत्र घेऊन आलं, मग ते हसवायला येवो, रडवायला येवो, नाहीतर माझ्यासाठी भांडायला येवो, माझ्या पोटातलं त्याला मिळणार नाही. कुणाला सांगायचं ते मी ठरवीन. सुमीलाही मी तेच शिकवलं आहे.

मी कमरेची पिशवी काढली आणि ओट्यावर नोटा ठेवल्या.

"राहू द्या म्हणतोय ना, मावशी."

"मोजा."

"अहो..."

"मोजा, दादा. तुमची माय आन् बाप समोर हायेत. त्यांच्यासमोर मोजा."

मालक आतून दारात येऊन उभे राहिले होते. मालकीणबाई त्यांच्या मागं. अभयनं नोटा उचलल्या. मान खाली घालून मोजल्या, दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, हळदीनं पिवळ्या पडलेल्या काही. आठशे भरले. आधीचे पाचशे आणि सातशे मालकीणबाईंनी बोलून दाखवले. मी माझा कागद पुढं केला. त्यानं त्याच्यावर लिहिलं, दोन हजार मिळाले, आणि खाली सही केली. मी ते वाचून बघितलं, घडी घातली, कॅसेट घेतली आणि पायऱ्या उतरले. पैसे फिटले.